नऊ नंबरची डबी

"मोज," साबडे मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आधी नीट बघा तरी."

"बघितलं. आता मोज."

मी परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. आयपीसमध्ये बसवलेल्या बारीक पट्टीच्या रेघा त्या अंड्यावर आणल्या, मोजल्या, परत मोजल्या. हुकवर्मचं अंडं साठ मायक्रॉनच्या आसपास असतं. हे एकशेवीस भरत होतं. दिसायला अगदी तेच, तसंच पातळ कवच, तसंच लांबट, पण दुप्पट.

"एकशेवीस," मी म्हणाले.

"मग हुकवर्म नाही."

"तेच म्हणतेय मी. कुठल्याच पुस्तकात नाही हे."

"कुठल्याच म्हणजे तू वाचलेल्या पुस्तकांत," मॅडम म्हणाल्या आणि आपल्या बुरशीच्या नळ्यांकडे वळल्या.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी एम.डी. करत होते. डॉ. इंदुमती साबडे माझ्या गाइड. सगळा विभाग त्यांना माघारी 'बुरशीवाल्या मॅडम' म्हणायचा, कारण त्यांची हयात बुरश्या वाढवण्यात गेली होती. माझ्या प्रबंधाचा विषय होता गरोदर बायका आणि बाळंतिणींमधला हुकवर्म. हा कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, बाई पांढरीफटक पडते. विषय गरजेचा होता यात वाद नाही, पण माझ्याआधी सतरा जणांनी तो चघळून चोथा केला होता. माझा प्रबंध कपाटात अठरावा म्हणून बसणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि आता हे अंडं. नवा कृमी निघाला तर जगभर नाव होणार होतं, नाही निघाला तर दोन महिन्यांवर आलेला प्रबंध अर्धामुर्धा राहणार होता, कारण गेले तीन आठवडे मी बाकी सगळं सोडून याच्याच मागे लागले होते. कृमीच्या लॅटिन नावात बोधे कसं बसवायचं, हेसुद्धा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं होतं. आता सांगायला लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

"बोधे," मॅडम पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अंडं सापडलं. घालणारी कुठाय?"

हा प्रश्न मला पुढे पंधरा दिवस झोपू देणार नव्हता.

नमुने येत होते लिंगोबाच्या वाडीहून. माणदेशातली दीडशे उंबऱ्यांची वाडी, दगड भरपूर आणि पाणी बेताचं. तिथल्या उपकेंद्राच्या लोंढे सिस्टर बायकांना समजावून डब्या वाटायच्या आणि भरलेल्या डब्या एसटीने माझ्याकडे घेऊन यायच्या. शौचाचे नमुने द्यायला बायका तयार होणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. "बाई, आमच्या घाणीत तुमचं काय हरवलंय," असं एकीने मला तोंडावर विचारलं होतं. लोंढे सिस्टर होत्या म्हणून निभावलं.

गरोदर बायका चाळीस होत्या. त्यांच्यातल्या एकीच्याही नमुन्यात हे मोठं अंडं नव्हतं. बाळंतिणी बारा, सगळ्या सव्वा महिन्याच्या आतल्या. त्यातल्या अकरा जणींच्या नमुन्यात होतं. बाई मोकळी झाली की हा कृमी तिच्यात शिरतो, गरोदरपणात शिवतही नाही. असला शिष्ट कृमी मी ऐकला नव्हता, म्हणून तर मी हरखले होते.

"खाण्यातलं काही असेल," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "बाळंतीण काय खाते जे गरोदर बाई खात नाही?"

हे कळायला एम.डी. करावं लागत नाही. डिंकाचे लाडू. खारीक, खोबरं, डिंक, मेथ्या. माहेरहून बाळंतविडा येतो, त्याचे लाडू वळतात आणि बाळंतीण सव्वा महिना रोज खाते. मी वाडीत जाऊन बाराही जणींना विचारलं. बाराही जणी म्हणाल्या, खातो. खोबरंही सगळ्यांचं एकाच दुकानातलं, कारण त्या सगळ्या टापूत आठवड्याच्या बाजारात खोबऱ्याचं पोतं घेऊन बसणारा वाणी एकच होता.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. बारा जणी लाडू खातात, मग अंडी अकराच जणींत का? नऊ नंबरची बाई स्वच्छ होती. पहिला नमुना स्वच्छ, पंधरा दिवसांनी घेतलेला दुसराही स्वच्छ. मी तिच्या एकेका नमुन्याच्या दहा-दहा स्लाइडा पाहिल्या, काही नाही.

नऊ नंबर म्हणजे छबू जगदाळे. चोविशीची, हडकुळी, दुसरी खेप. मी तिला विचारलं तेव्हा ती बाळाला मांडीवर थोपटत होती. बाकीच्या बायकांनी "खाते की" एवढंच सांगून मला वाटेला लावलं होतं. छबूने मात्र लाडवाचं साग्रसंगीत वर्णन केलं. डिंक तुपात फुलवून हातानंच चुरायचा, पाट्यावर नाही. खोबरं किसून मंद आचेवर बदामी करायचं. गूळ जुना घ्यायचा, पाक एकतारी होऊ द्यायचा नाही. वेलदोडा नको, जायफळ किसून टाकायचं.

"रोज किती खाता?"

"सकाळी एक, दुपारच्याला एक. डबाभर पाठवलेत भावानं."

मी सगळं लिहून घेतलं. तिच्या नावापुढे 'लाडू खाते' असं लिहिलं. रोज खाऊनही ही स्वच्छ, म्हणजे खाण्याचा मुद्दा बाद. खरं सांगते, मला बरंच वाटलं. लाडू बाद झाले म्हणजे कृमी शिल्लक राहिला, आणि छबूच्या अंगात त्याला तोंड देणारी काही ताकद आहे असंही ठरलं. एका दगडात दोन पक्षी पाडल्यासारखी मी हवेत परत आले.

पुढच्या आठवड्यात चार नंबरच्या स्लाइडवर मला पाय दिसला.

आधी वाटलं कचरा असेल. पण नाही, सांधे असलेला, केसाळ, नीटनेटका पाय होता. त्याच्या शेजारी तसलंच मोठं अंडं. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि परत पाहिलं.

"बोधे, कृमीला किती पाय असतात?"

मी परत आयपीसला डोळा लावला.

"मी विचारतेय."

"नसतात, मॅडम."

"मग हा कुणाचा?"

कृमीला पाय नसतात हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. पाय होता म्हणजे तो किडा होता. साठवणीच्या जिनसांत होणारा, डोळ्याला न दिसणारा बारीक माइट. मॅडमनी मला बसवून सगळं समजावलं. जुन्या खोबऱ्याला बुरशी धरते, त्या बुरशीवर हे माइट जगतात, तिथेच अंडी घालतात. बाई ते खोबरं खाते, अंडी पोटातून जशीच्या तशी खाली उतरतात. अपाय नाही, रोग नाही, कृमी तर नाहीच नाही.

"म्हणजे अखेर तुमच्या बुरशीवरच आलं," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"सगळं शेवटी बुरशीवरच येतं," त्या म्हणाल्या, पण मऊ आवाजात. मग त्यांनी माझी वही ओढून घेतली. "आता ही नऊ नंबर. हिनं तेच खोबरं खाल्लं आणि हिच्यात काही नाही. जोवर ही बसत नाही, तोवर तुझं माइटचंही खरं नाही. परीक्षक पहिलं बोट इथंच ठेवेल."

"तिनं स्वतः सांगितलंय मॅडम, रोज दोन खाते."

"तू खाताना पाहिलंस, की ऐकलंस?"

"ऐकलं."

"आपल्या धंद्यात ऐकीव धरत नाहीत. प्रत्येकीच्या डब्यातला एकेक लाडू घेऊन ये."

दुसऱ्याच दिवशी मी वाडी गाठली. लोंढे सिस्टर दुसऱ्या गावी लसीकरणाला गेल्या होत्या, म्हणून एकटीच हिंडले. अकरा घरांतून अकरा लाडू मिळाले. एका म्हातारीने तर हातावर तीन ठेवले आणि म्हणाली, "खा गं माय, तूबी वाळलीस." दुपारी मी जगदाळ्यांच्या घरी पोचले.

ओसरीवर छबूची सासू, अनसूयाबाई, सुपात हुलगे पाखडत बसली होती. उंच, ताठ बाई. तिने मानेनेच मला आत जायला खुणावलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत छबू बाळाला पाजत होती. मी तिला काम सांगितलं.

"संपले की ओ बाई," ती म्हणाली.

"एवढ्यात? डबाभर होते ना."

"पाव्हणं आलतं. पोरीनं बी खाल्लं."

"चुरा असेल ना तळाशी? मला चिमूटभर पुरतो."

ती बाळाचं अंगडं सारखं करू लागली. मला तेव्हाच उठायला हवं होतं. पण संशोधकाला एकदा वास लागला की त्याचं भान सुटतं, आणि माझं तर तेव्हा पार सुटलं होतं. फळीवर पितळी डबा होता. मी म्हणाले, "हाच ना?" आणि तिने नको म्हणायच्या आत खाली काढला.

डबा हलका होता. झाकण उघडलं. आत बाळाची दोन टोपरी, एक काजळाची डबी आणि घडी घातलेलं फडकं. मी सवयीने नाक लावलं. तुपाचा वास नाही, गुळाचा नाही. त्या डब्यात अलीकडे लाडू कधी नव्हतेच.

छबूने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाकण लावा, बाई."

मी लावलं.

"भाऊ आलाच नाही," ती म्हणाली. "आई गेल्यापासनं येतच नाही. वहिनीला आवडत नसंल. म्या समद्या आळीला सांगितलं की डबा आलाय. न्हाई तर लोक त्याला नावं ठेवतील. आईचं बी नाव निघंल."

"मग ते डिंक चुरायचं, जायफळाचं, ते सगळं?"

"ते खरं हाय," ती पटकन म्हणाली. "ते आईचं. पयल्या येळंला आई व्हती, माझ्या डोळ्यांदेखत केले तिनं. तुमी इचारलं, तर म्या त्येच सांगितलं."

बाहेर सुपाचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते मला कळलं नाही.

"आणि सासूबाई?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"आत्याचं काय चुकतंय? बाळंतविडा माहेराचा असतो. ज्याची रीत त्यानं करावी, म्हणतात. दोन येळची भाकरी देतात, कामाला लावत न्हाईत." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कागदावर लिहू नका. म्या लाडू खाते, असंच राहू द्या."

मी म्हणाले, "नाही लिहीत." शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं की मी काय बोलून बसले. नऊ नंबरची बाई लाडू खाते असंच राहिलं, तर माझा प्रबंध तिथेच आडवा होता. पण मला त्या क्षणी प्रबंधापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटत होती. बारा बायकांतली एकच स्वच्छ म्हणून जिच्या अंगात मी काहीतरी अद्भुत ताकद शोधत होते, ती स्वच्छ होती कारण तिला कुणी काही खायलाच घातलं नव्हतं. आणि माझ्याच तक्त्यात, तिच्याच नावापुढे, रक्ताचा आकडा सगळ्यांत कमी होता. तो मी दोन वेळा लिहिला होता आणि दोन्ही वेळा नुसता लिहिला होता.

लोहाच्या गोळ्यांची दोन पाकिटं मी तिच्या उशाशी ठेवली. बाहेर आले तेव्हा अनसूयाबाई सूप मांडीवर घेऊन नुसती बसली होती. तिने मला "चहा घ्या" म्हटलं नाही आणि मीही थांबले नाही.

मॅडमना मी एवढंच सांगितलं की नऊ नंबरचं मला लिहिता येणार नाही.

"का?"

"शब्द दिलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असणार. त्या स्वतः सोलापूरकडच्या, पाच बहिणींतल्या चौथ्या. पण त्यांनी पुढे विचारलं नाही. म्हणाल्या, "मग दुसरा पुरावा आण. खोबरं खाऊन अंडी दिसतात, हे ज्यानं आधी कधी ते खाल्लं नाही त्याच्यावर दाखव."

"कोण खाईल मॅडम असलं खोबरं?"

त्यांनी वाडीहून आणलेल्या लाडवांची पिशवी माझ्यापुढे सरकवली.

तर अशा रीतीने मी, अविवाहित मुलगी, होस्टेलच्या खोलीत बसून आठ दिवस बाळंतिणीचे लाडू खाल्ले. खोलीतल्या मैत्रिणीने कुठे काय पसरवलं ते विचारू नका. त्याआधी तीन दिवसांचे माझे नमुने स्वच्छ होते. लाडवाच्या दुसऱ्या दिवशी पहिलं अंडं दिसलं, चौथ्या दिवशी स्लाइड भरून गेली. एकशेवीस मायक्रॉन. माझी स्वतःची लाडकी एकशेवीस. लाडू बंद केले आणि तीन दिवसांत सगळं साफ झालं. मुद्दा सिद्ध झाला. तक्त्यात नऊ नंबरपुढे मी लिहिलं, 'आहाराची खात्री करता आली नाही.' ते खोटं नव्हतं.

वाडीतल्या बायकांना खोबरं पारखून घ्या, उन्हात घाला, खरपूस भाजा, हे सांगायचं ठरलं होतंच. मॅडम म्हणाल्या, तिसरे नमुने होऊ देत, मग सांगू, तोवर कुणाचं काही बिघडत नाही.

तिसरे नमुने घेऊन लोंढे सिस्टर आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत डब्यांबरोबर एक पुरचुंडीही होती. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गच्च बांधलेलं.

"हे अनसूयाबाईनं दिलंय तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या. "काय भांडण झालं का ओ तुमचं? लई फणकाऱ्यात होती."

"का? काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या डाक्टरणीला सांग, जगदाळ्यांच्या घरातला डबा रिकामा नसतो."

मी गाठ सोडली. आत लाडू होता. एकच, मोठा, मुठीएवढा. मी तो नाकाशी नेला. जायफळाचा वास आला.

वेलदोडा नको, जायफळ किसून टाकायचं. म्हणजे अनसूयाबाईने ओसरीवरून पहिल्या दिवशीचंही सगळं ऐकलं होतं.

मला भरून आलं, नाही म्हणत नाही. पण एव्हाना मी शहाणी झाले होते. एक लाडू डॉक्टरणीचं तोंड बंद करायलाही वळता येतो. घराच्या अब्रूसाठी सुनेने एक डबा मनात भरला होता, सासू एक लाडू दाखवायलाही भरू शकते. ऐकीव धरायचं नाही आणि दाखवलेलंही धरायचं नाही. मी पुरचुंडी बाजूला ठेवली आणि पिशवीतून नऊ नंबरची डबी काढली.

स्लाइड केली. फोकस लागेना. शेवटी लागला.

"मॅडम," मी हाक मारली. "जरा येता?"

मॅडम आल्या. मी उठून त्यांना जागा दिली. त्यांनी आयपीसला डोळा लावला आणि स्लाइड हळूहळू सरकवत राहिल्या. जगभर नाव होण्याच्या आशेनेही मी कशाची एवढी वाट पाहिली नव्हती.

"मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"राहू दे." त्या अजून बघतच होत्या. "एकेका नजरेत पाच-सहा आहेत. एखाद्या लाडवाचं काम नाही हे. चांगली आठ-दहा दिवस पोटभर खातेय मुलगी."

सिस्टर आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पेशंटच्या नमुन्यात किड्याची अंडी निघाली म्हणून डॉक्टर डोळे पुसतायत, हे त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी रजिस्टर ओढलं आणि नऊ नंबरपुढे, तिसऱ्या रकान्यात, लाल शाईने अधिकची खूण केली.

मग मॅडमनी पुरचुंडीकडे बोट केलं. त्या लाडवात काय काय आहे, हे त्या खोलीत आम्हा दोघींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो मोडला, मोठा भाग मला दिला, आणि आम्ही दोघींनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.